रोबेर पिरेस: मेट्झपासून मडगावपर्यंत

१९९८चा विश्वचषक आणि २०००चा युरो चषक, दोन्ही फ्रान्सने लागोपाठ जिंकले. दोन्ही स्पर्धांत फ्रान्सने जादा वेळेत 'गोल्डन गोल'वर सामने जिंकले, त्यांतले दोन गोल इथे महत्त्वाचे. जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना तिथेच संपायचा, असा तेव्हाचा नियम होता. पहिला गोल लोरां ब्लांचा, लान्स शहरात पॅराग्वेविरुद्ध, उपउपांत्यपूर्व फेरीत. दुसरा दाविद त्रेझेगेचा, रॉटरडॅममध्ये इटलीविरुद्ध, थेट अंतिम सामन्यात. ही दोन नावं फ्रान्समध्ये शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. पण लान्समध्ये ज्या चेंडूवर त्रेझेगेने डोकं लावून ब्लांला संधी दिली, तो गोलसमोर टाकला होता रोबेर पिरेसने. रॉटरडॅममध्ये डाव्या बगलेतून इटलीच्या बचावात घुसून त्रेझेगेच्या पुढ्यात चेंडू मागे सरकवला, तोही पिरेसनेच. दोन्ही वेळा तो बदली खेळाडू होता. रॉटरडॅममध्ये तर तो ८६व्या मिनिटाला मैदानात आला होता, फ्रान्स एका गोलने मागे असताना.

त्या रात्रीचे हे दोघे चौदा वर्षांनी भारतात आले, पिरेस गोव्याकडून आणि त्रेझेगे पुण्याकडून खेळायला. आपल्याकडच्या प्रेक्षकांना दिसला तो चाळिशीतला पिरेस. त्याच्या आधीचा पिरेस कोण होता, ते सांगण्यासाठी ही नोंद.

जन्म २९ ऑक्टोबर १९७३, उत्तर फ्रान्समधल्या रीम्सचा. वडील पोर्तुगीज, आई स्पॅनिश. फ्रान्सचा त्या पिढीचा संघच अशा घरांतून उभा राहिला होता. झिदानचे आईवडील अल्जेरियाचे, व्हिएराचा जन्म सेनेगलचा. पिरेसची व्यावसायिक कारकीर्द मेट्झ या क्लबकडून सुरू झाली. १९९६ साली मेट्झने फ्रेंच लीग चषक जिंकला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मेक्सिकोविरुद्ध पिरेस पहिल्यांदा देशाकडून खेळला. १९९७-९८च्या हंगामात मेट्झ आणि लान्स यांचे गुण शेवटी समसमान, ६८-६८ झाले. गोलफरकावर लान्स विजेता ठरला. मेट्झला लीगचं विजेतेपद कधीच मिळालेलं नाही. इतक्या जवळ तो क्लब आधी कधी गेला नव्हता, नंतरही नाही.

विश्वचषकानंतर तो मार्सेयला गेला. पहिल्या वर्षी लीगमध्ये दुसरं स्थान, एका गुणाने बोर्दोच्या मागे. शिवाय यूएफा चषकाच्या अंतिम सामन्यात पार्माकडून ३-० असा पराभव. दुसरं वर्ष वाईटच गेलं. संघ घसरला आणि मार्सेयच्या तापट प्रेक्षकांचा राग खेळाडूंवर निघाला. २०००च्या उन्हाळ्यात प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी त्याला सुमारे ६० लाख पौंडांना इंग्लंडच्या आर्सेनल क्लबमध्ये आणलं, ते बार्सेलोनाला गेलेल्या मार्क ओव्हरमार्सच्या जागी. ओव्हरमार्स वाऱ्यासारखा पळायचा. पिरेस तसा पळणारा नव्हताच, त्यामुळे सुरुवातीला इंग्लंडमध्ये नाकं मुरडली गेली. हंगामाचा पहिला सामना संडरलंडमध्ये होता. वेंगर यांनी त्याला बाकावर बसवून इथलं फुटबॉल कसं असतं ते आधी पाहायला लावलं. धसमुसळेपणा, रेटारेटी, आणि शेवटी व्हिएराला लाल कार्ड. आपण इथे कशाला आलो, असं तेव्हा वाटल्याचं त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे.

त्याच्या खेळाची खरी गंमत त्याच्या जागेत होती. पाय उजवा आणि जागा डावी. आज हे सर्रास दिसतं. त्या काळी डाव्या बगलेवरच्या खेळाडूने कडेकडेने धावत जाऊन डाव्या पायाने चेंडू आत टाकावा, अशीच अपेक्षा असे. पिरेस कडेला सुरुवात करायचा आणि तिरका आत यायचा. त्याने मोकळी केलेली कड मागून धावत येणारा ॲशली कोल वापरायचा. थिएरी हेन्री मधला आघाडीपटू असूनही डावीकडे सरकायचा. तिघांच्या या अदलाबदलीत समोरच्या उजव्या बचावपटूला कळायचं नाही की कोणाच्या मागे जावं, आणि तो एक क्षण थबकला की काम झालेलं असायचं. पिरेसच्या धावण्यात ऐट नव्हती. पावलं बाहेरच्या बाजूला वळलेली, खांदे सैल. पण गोलसमोर तो कधी घाई करत नसे. चेंडू बहुतेक वेळा दूरच्या कोपऱ्यात, वळवून, शांतपणे ठेवलेला. ऑक्टोबर २००३ मध्ये लिव्हरपूलच्या मैदानावर लांबून मारलेला विजयी गोल पाहावा. त्याच्या सगळ्या सवयी त्या एका फटक्यात आहेत.

माझ्या मते त्याचा सर्वोत्तम काळ म्हणजे २००१-०२चा हंगाम. १७ मार्च २००२ला ॲस्टन व्हिलाविरुद्ध त्याने अंगावर आलेल्या जॉर्ज बोटेंगच्या डोक्यावरून चेंडू उचलला आणि पुढच्याच स्पर्शात पीटर श्मायकेलच्याही डोक्यावरून जाळ्यात सोडला. त्यानंतर आठवडाही झाला नव्हता. एफए चषकात न्यूकॅसलविरुद्ध, गोल केल्यानंतर त्याच सामन्यात, उडी मारून खाली येताना त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. हंगाम संपला आणि २००२चा विश्वचषकही गेला. तरीही त्या वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल पत्रकारांनी वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यालाच निवडलं. लीगच्या विजेतेपदाचा चषक आर्सेनलच्या हायबरी मैदानावर दिला गेला तेव्हा पिरेस लंगडत पुढे आला आणि चषक उचलत असताना बाकीचे खेळाडू वाकून त्याला मुजरा करू लागले. त्यात अजिबात नाटकीपणा नव्हता; त्याने निर्माण केलेल्या संधींवरच त्यातल्या अनेकांनी वर्षभर गोल केले होते.

त्या विश्वचषकात फ्रान्सचं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. झिदान मांडीच्या दुखापतीने पहिले दोन सामने बाहेर, पिरेस घरी. सेनेगलकडून हार, उरुग्वेशी बरोबरी, डेन्मार्ककडून हार. जगज्जेता संघ एकही गोल न करता परतला. त्या संघात हेन्री, त्रेझेगे, सिसे असे तीन-तीन आघाडीपटू होते. त्यांच्यापर्यंत चेंडू पोहोचवणारे दोघं नव्हते. पिरेसच्या कारकिर्दीचं मोल मोजायला याहून स्पष्ट पुरावा मला दिसत नाही.

तो परतला आणि पुन्हा तितकाच चांगला खेळला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २००३च्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात साउदम्प्टनविरुद्धचा एकमेव गोल त्याचा. त्याच्या दहा दिवस आधी त्याच संघाविरुद्ध लीगमध्ये त्याने हॅट्ट्रिक केली होती. आर्सेनलच्या लीगमधल्या सलग ४९ अपराजित सामन्यांपैकी तो पहिला. २००३-०४चा पूर्ण हंगाम संघ हरलाच नाही, २६ विजय आणि १२ बरोबरी. त्यात लीगमध्ये पिरेसचे १४ गोल. विजेतेपद पक्कं झालं ते कट्टर प्रतिस्पर्धी टॉटनहॅमच्या मैदानावर, २-२ अशा बरोबरीत. एक गोल व्हिएराचा, एक पिरेसचा. त्या वर्षाला एक डागही आहे. सप्टेंबरमध्ये पोर्ट्समथविरुद्ध आर्सेनल मागे असताना पिरेस ज्या तऱ्हेने पडला आणि पेनल्टी मिळाली, ते पडणं खरं नव्हतं असं त्या वेळी बहुतेकांचं मत झालं. माझंही तेच आहे. अपराजित हंगामाची गोष्ट सांगताना हे वगळू नये.

२००४च्या शरद ऋतूनंतर प्रशिक्षक रेमों दोमेनेक यांच्याशी बिनसल्याने त्याचं देशाकडून खेळणं थांबलं, ते ७९ सामने आणि १४ गोलांवर. आर्सेनलमधला शेवट आणखी टोचणारा होता. १७ मे २००६, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, समोर बार्सेलोना, आणि मैदान पॅरिसचं. अठराव्या मिनिटाला गोलरक्षक लेमनला लाल कार्ड मिळालं. दुसरा गोलरक्षक आणायचा तर कोणालातरी बाहेर काढणं भाग होतं, आणि फलकावर पिरेसचा ७ क्रमांक झळकला. वेंगर यांचा हिशेब समजण्यासारखा आहे. दहा जणांनी बचाव करायचा तर पळणारे पाय हवेत. तरीही मायदेशातल्या अंतिम सामन्यात वीस मिनिटांत बाहेर बसलेल्या माणसाला तो हिशेब कसा पटावा? सामना २-१ने गेला. तिशी ओलांडलेल्यांना एकाच वर्षाचा करार द्यायचा, हे आर्सेनलचं धोरण होतंच. पिरेस काही दिवसांतच स्पेनच्या विलारेआलकडे गेला. क्लबसाठी २८४ सामने, ८४ गोल.

विलारेआलमध्ये पाऊल ठेवताच पुन्हा गुडघा गेला आणि अनेक महिने वाया गेले. पण २००७-०८ मध्ये या छोट्या गावाच्या क्लबने रेआल माद्रिदच्या पाठोपाठ दुसरं स्थान मिळवलं, बार्सेलोनाच्याही वर. त्यानंतर ॲस्टन व्हिलात काही महिने, आणि २०११ मध्ये व्यावसायिक फुटबॉल थांबलं. शरीर चालू ठेवण्यासाठी तो आर्सेनलच्या सराव मैदानावर जात राहिला.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा एफसी गोवाने त्याला मार्की खेळाडू, म्हणजे संघाचं प्रमुख आकर्षण, म्हणून आणलं. प्रशिक्षक होते ब्राझीलचे झिको. मुंबईकडे निकोला आनेल्का होता, पुण्याकडे त्रेझेगे. गोव्याला फुटबॉल कोणी नव्याने शिकवायची गरज नव्हती. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स यांचे सामने पाहत वाढलेलं ते राज्य. मडगावच्या फातोर्डा मैदानावरच्या प्रेक्षकांना पिरेसचे पाय थकलेत हे लगेच कळलं असणार, आणि चेंडू पायाशी आला की नजर अजून शाबूत आहे हेही. कोलकात्याविरुद्धच्या सामन्यात त्यांचे प्रशिक्षक हाबास यांच्याशी वाद होऊन त्याच्यावर दोन सामन्यांची बंदीही आली. गोवा साखळीत दुसरा आला आणि उपांत्य फेरीत त्याच कोलकात्याकडून पेनल्टींवर हरला. त्या संघात मंदार राव देसाई आणि रोमिओ फर्नांडिस ही गोव्याची पोरं होती. पुढच्याच वर्षी रोमिओ ब्राझीलच्या अतलेतिको पारानाएन्सेकडून खेळायला गेला.

पिरेस मात्र दुसऱ्या हंगामाला आला नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली.