पुस्तक घरपोच, सराव कुठे? खानदेशातल्या पॅरामेडिकल दूरशिक्षणाची पार्श्वभूमी

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या कित्येक पाड्यांवरून आजही आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून खाली आणावं लागतं. झोळीला खांदा देणारे तेच त्याचे पहिले आरोग्यसेवक. मानेला मार लागलेल्याला कसं उचलायचं, बाळंतिणीचा रक्तस्राव वाटेत कसा थोपवायचा, हे त्यांना कोणी आणि कुठे शिकवायचं? खानदेशात पॅरामेडिकल, म्हणजे डॉक्टरांना साथ देणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या, दूरशिक्षणाचा विषय निघाला की माझ्या डोळ्यांसमोर आधी ही झोळी येते.

महाराष्ट्राने या प्रश्नाचं उत्तर आधी समोरासमोरच्या शिकवणीत शोधलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे या दाम्पत्याने १९७० साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला गावांच्या आरोग्याचं काम सुरू केलं. तिथे गावोगावच्या बायका, त्यातल्या अनेक निरक्षर, ठरलेल्या दिवशी केंद्रावर येत, शिकत आणि गावी जाऊन तेच करत. पुन्हा आल्या की अडलेलं विचारत. पुढे २ ऑक्टोबर १९७७ पासून केंद्र सरकारने गावपातळीवरच्या आरोग्यरक्षकांची योजना आणली. तिचं प्रशिक्षण तीन महिन्यांचं होतं. जामखेडची खरी ताकद मला त्या पुन्हापुन्हा येण्यात दिसते.

१९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू. शेतात राबणाऱ्या, संसारात अडकलेल्या माणसाला पुस्तक घरी मिळू लागलं आणि जवळच्या अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रं, म्हणजे समोरासमोरचे वर्ग, होऊ लागली. रुग्णसहायकासारखे आरोग्याचे अभ्यासक्रमही या वाटेने आले. कॉलेजच्या शहरात खोली घेऊन राहणं ज्यांना परवडत नव्हतं, अशा मुलामुलींसाठी ही फार मोठी गोष्ट होती.

पण या विषयात पुस्तक एका मर्यादेपर्यंतच नेतं. साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, अवयव हलू न देता रुग्णाला लवकर दवाखान्यात न्यावं, हे वाचून समजतं. सीपीआरचं, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबून त्याला वाचवण्याचं, तसं नाही. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी, हे पाठ होईल. पण पाच सेंटिमीटर म्हणजे नेमका किती जोर, हे सरावाच्या पुतळ्यावर दाबून पाहिल्याशिवाय हाताला कळत नाही.

म्हणून पुढची बंधनं आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी पॅरामेडिकल शाखांना मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्यांच्या बाहेर ठेवलं. २०२१ च्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आणला, आणि २०२५ मध्ये त्या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालवायला मनाई झाली. रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर हे मला योग्यच वाटतं. पण बंदीने धडगाव आणि कॉलेज यांतलं अंतर काही कमी झालं नाही.

दरम्यान रुग्णवाहिकेची गरज वाढतच होती. २६ जानेवारी २०१४ पासून राज्यात १०८ या फोन क्रमांकावर बोलावता येणारी रुग्णवाहिका सेवा ९३७ गाड्यांनी सुरू झाली. महाराष्ट्राने या गाड्यांत डॉक्टर बसवले. रुग्णाचं त्यात भलंच झालं. प्रशिक्षित पॅरामेडिक घडवण्याची निकड मात्र त्यामुळे मागे पडली असावी, असं मला वाटतं. कोविडने ती पुन्हा पुढे आणली. जून २०२१ मध्ये केंद्राने आरोग्य मदतनीसांसाठी झटपट अभ्यासक्रम सुरू केले, सहा प्रकारच्या कामांसाठी.

आता पदवी दूरस्थ पद्धतीने मिळत नसली, तरी कामावर असलेल्यांची उजळणी ऑनलाइन होऊ शकते, आणि सरावाची जागाही जवळ आली आहे. जळगावला २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. अडचण उरते भाषेची. धडगावकडे पावरी, नवापूरकडे मावची, सपाटीवर अहिराणी. पुस्तकी मराठी ही इथल्या अनेकांची शिकून घेतलेली भाषा आहे. धडे या बोलींत ध्वनिमुद्रित व्हावेत. सातपुड्याच्या घड्यांत रेंज नसते, म्हणून बाजाराच्या दिवशी खाली उतरल्यावर ते फोनमध्ये भरून घेता यावेत, आणि महिन्यातून दोन दिवस पुतळ्यावर हात बसवायला नंदुरबारला येण्याचं भाडं शिकणाऱ्याच्या खिशातून जाऊ नये.