ख्रिस्ती देवकल्पना आणि रोजची श्रद्धा (मराठवाडा)

देव कसा आहे, हे ख्रिस्ती श्रद्धेत आधी ठरते. माणसाने कसे जगावे, हे त्यातून निघते. देव पापांची वही घेऊन बसलेला आहे असे ज्याच्या मनात बसले, तो प्रार्थनेतही चाचरतो. तो बाप आहे असे ज्याला वाटते, तो त्याच्याशी भांडतो, हट्ट करतो आणि पुन्हा जवळ जाऊन बसतो. दोन्ही माणसे रविवारी एकाच बाकावर बसून एकच विश्वासांगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुली) म्हणतात. म्हणून या विषयाचा माग धर्मशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा घरची प्रार्थना, आजारपण, दुष्काळ आणि जातीचा प्रश्न यांत घ्यावा लागतो. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाज संख्येने लहान आणि आठ जिल्ह्यांत विखुरलेला आहे, पण या चारही गोष्टींचा त्याला भरपूर अनुभव आहे.

मूळ सिद्धांत थोडक्यात असा : देव एकच असून तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्तींत आहे. पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा आहे, असे निकेया येथील धर्मसभेने इ. स. ३२५ मध्ये ठरवले. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील सभेने पवित्र आत्म्याविषयीचा भाग विस्ताराने मांडला. देव सर्वसमर्थ, पवित्र, न्यायी आणि प्रेमस्वरूप आहे आणि येशूच्या रूपाने तो माणूस होऊन जगला, मेला व पुन्हा उठला, हा त्याचा गाभा. एका देवातल्या तीन व्यक्तींच्या या त्रैक्यावर सविस्तर उपदेश फारसा होत नाही. झाला तर पेंटेकॉस्ट या सणानंतरच्या त्रैक्य रविवारी, आणि खरे सांगायचे तर तो करताना पाळकांनाही (चर्चच्या धर्मगुरूंनाही) घाम फुटतो.

मात्र जो सिद्धांत समजावून सांगता येत नाही तो वापरात रोज असतो. गृहप्रार्थनेला दहा-बारा माणसे जमतात, सतरंजीवर बसतात, डोक्यावर पदर येतात आणि घरातली वडीलधारी बाई सुरुवात करते : ‘हे दयाळू स्वर्गीय बापा, आठवडाभर तू आम्हाला सांभाळलंस, आजचा दिवस दाखवलास, तुझे उपकार मानतो.’ मग नोकरी, लग्न जमत नसलेली मुलगी, बोअरचे आटलेले पाणी, शेजारच्या घरातला पेशंट असे सगळे येते. शेवट ठरलेला असतो : ‘येशूच्या नावात मागतो, ऐक बापा, आमेन.’ मागणे पित्याकडे, पुत्राच्या नावाने, आणि मागण्याची बुद्धी आत्मा देतो अशी समजूत. निकेयाचे नाव कधी न ऐकलेली बाई निकेयाचाच विश्वास सांभाळत असते. तिच्या प्रार्थनेत आधी उपकार व नंतर मागणे हा क्रम बहुधा पक्का असतो. मनात असलेला देव हात आखडता घेणारा नाही, हे त्यावरून कळते.

हा विश्वास मराठवाड्यात आला तो निजामी राजवटीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. शेषाद्री मूळचे ब्राह्मण. १८४३ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि स्कॉटिश मिशनमार्फत त्यांनी जालन्याच्या परिसरात, मुख्यतः मांग समाजात, काम केले. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीतर्फे रतनजी नवरोजी या पारशी धर्मांतरिताने काम उभे केले. इथल्या लोकांना ख्रिस्ताची ओळख करून देण्यात गोऱ्या साहेबांबरोबर, काही ठिकाणी त्यांच्या आधीही, मराठी बोलणारी माणसे होती, हे अनेकदा विसरले जाते. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही प्रोटेस्टंट मंडळ्यांची एकत्रित चर्च स्थापन झाली. तिचा मराठवाडा धर्मप्रांत आहे. औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत १९७७ मधला. अलीकडच्या काळात स्वतंत्र व पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या) मंडळ्यांची भर पडली असून त्यांची उपासना बऱ्याच वेळा एखाद्या हॉलमध्ये किंवा घराच्या गच्चीवर पत्र्याखाली भरते.

देवाला हाक मारण्याची रीत मात्र मिशनच्या आधीपासून इथे होती. नामदेवांची नरसी, जनाबाईंचे गंगाखेड, एकनाथांचे पैठण, गोरोबांचे तेर ही सारी गावे मराठवाड्यातली. जनाबाईंबरोबर विठ्ठल दळू लागतो, शेण्या वेचतो. देव कामाला हात लावतो ही कल्पना या मातीत परकी नव्हती. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी याच वळणाने ख्रिस्ताला माउली म्हटले. ते मराठवाड्याचे नव्हेत, पण त्यांची पदे इथल्या उपासनेत टाळ-पेटीवर म्हटली जातात. फरकही आहेच. ख्रिस्ती मताप्रमाणे देवाचे देहधारण एकदाच, इतिहासातल्या एका ठरावीक काळात झाले आणि ते क्रुसापर्यंत गेले. पाळक यावर भर देतात, कारण त्यांच्या दृष्टीने देवाने दुःख लांबून पाहिले नाही, ते अंगावर घेतले. बायबलचे मराठी भाषांतर करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या (आताचे धाराशिव) ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीवर त्यांच्या धर्मामुळे वाद झाला आणि संमेलन गोरोबांच्याच जिल्ह्यात पार पडले.

देवाच्या स्वभावाविषयीची समजूत सगळ्यांत जास्त ताणली जाते ती दुष्काळात. मृग कोरडा गेला की चर्चमध्ये पावसासाठी उपास-प्रार्थना ठेवतात. त्या वेळी हमखास वाचला जाणारा उतारा बायबलच्या जुन्या करारातला, ‘दुसरा इतिहास’ या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातला. त्यात देव म्हणतो : मी आकाश बंद केले आणि पाऊस पडला नाही, तेव्हा माझ्या लोकांनी नम्र होऊन आपला वाईट मार्ग सोडला तर मी त्यांची भूमी बरी करीन. अहाब राजाच्या काळी एलीया या संदेष्ट्याच्या शब्दावरून पाऊस थांबला, ती कथाही येते. या वाचनातून निघणारा अर्थ सरळ आहे : पाऊस नाही, म्हणजे कुणीतरी चुकले आहे. गावोगावच्या इतर समजुतींशी तो सहज जुळतो, म्हणून तो चटकन पटतोही. पण त्याच बायबलमध्ये येशू डोंगरावरील प्रवचनात म्हणतो की, पिता नीतिमानांवर आणि अनीतिमानांवरही पाऊस पाडतो. मग पावसाचा आणि पापाचा हिशेब एकास एक कसा लावायचा? जाणते पाळक दोन्ही उतारे वाचतात : पश्चात्ताप करा, पण शेजाऱ्याचे शिवार कोरडे पडले म्हणून त्याच्या पापाचा शोध घेत बसू नका.

हाच प्रश्न ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जास्त क्रूरपणे समोर आला. किल्लारी-सास्तूर परिसरातील भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो माणसे गेली. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची ती पहाट होती. अशा वेळी ‘देवाचा कोप’ हे शब्द तोंडात यायला वेळ लागत नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात जवळजवळ अशीच घटना आहे : शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण ठार झाले. ते यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त पापी होते का, असे येशू विचारतो आणि स्वतःच ‘नाही’ म्हणतो. बुरूज का पडला, हे तो सांगत नाही. वाचलेल्यांनी मात्र आपले आयुष्य तपासावे, एवढे तो सांगतो. ख्रिस्ती मदतसंस्था भूकंपग्रस्तांत उतरल्या, त्यामागे हीच देवकल्पना होती : मेलेल्यांचा न्याय करणे आपले काम नाही, जिवंतांना छप्पर देणे आहे. भूकंपाला देवाची शिक्षा म्हणणारा उपदेश लोकांना क्षणभर गंभीर करतो, पण ज्याचे लेकरू ढिगाऱ्याखाली गेले त्याला देवापासून कायमचा तोडतो. ख्रिस्ती विचाराच्या कसोटीवरही तो टिकत नाही.

पीक हाती आले की देणाऱ्या देवाची आठवण हंगामाच्या सणात होते. ज्वारीची कणसे, तुरीच्या शेंगा, भोपळा, अंडी, पाय बांधलेली कोंबडी असे काय काय वेदीपुढे येते. उपासना संपली की बाहेर लिलाव. शंभर-दोनशेच्या कोंबडीला हजाराची बोली लागते, घेणारा ती पुन्हा दान करतो आणि तीच कोंबडी दुसऱ्यांदा विकली जाते. हशा पिकतो, वर्षभराच्या खर्चाला हातभार लागतो. शेत, पाऊस आणि कष्ट करण्याचे बळ देवाचेच आहे, आपण फक्त परत देतो, अशी त्यामागची समजूत. दशांशाचा, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग चर्चला देण्याचा, आधारही हाच. मात्र काही ठिकाणी दशांश दिला की देव दामदुप्पट देईल, अशी भाषा ऐकू येते. तिथे उपकारस्तुतीचा व्यवहार झालेला असतो.

आजारपणात देव वैद्य म्हणून समोर येतो. याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडिलांनी तेल लावून प्रार्थना करावी असे सांगितले आहे आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत ही रीत ठळक आहे. जुन्या चर्चने देवाचा हाच गुण दवाखान्यांतून दाखवला. जालन्याचे मिशन हॉस्पिटल हे त्याचे ठळक उदाहरण. बहुतेक कुटुंबे दोन्ही करतात : डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून घेतात आणि गोळ्याही वेळेवर घेतात. अडचण येते ती रोगी बरा झाला नाही तर. विश्वास कमी पडला, असे कुणी म्हणाले की आजाऱ्यावर दुहेरी ओझे येते. येशूचा प्रेषित पौल याने आपल्या देहातला काटा, म्हणजे सतत सलणारी व्यथा, काढावी म्हणून देवाला तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी होता असे म्हणायची कुणाची छाती होत नाही, आजाऱ्याला मात्र ते सहज ऐकवले जाते.

जातीच्या प्रश्नात देवकल्पनेला सामाजिक धार येते. कर्नेल्य या यहुदी नसलेल्या रोमी अधिकाऱ्याच्या घरी येशूचा शिष्य पेत्र म्हणतो की, देव पक्षपाती नाही. एकाच प्याल्यातून किंवा एकाच भाकरीतून प्रभुभोजन घेणे याला पाणवठे वेगळे असलेल्या गावांत किती वजन होते, हे वेगळे सांगायला नको. तरीही सोयरीक जुळवताना मूळ जात विचारली जाते; ती सवय चर्चच्या दाराशी थांबलेली नाही. उलट बाजूने राज्यव्यवस्थेने वेगळी भिंत घातली. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित आले नाहीत. या प्रश्नावर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. देशातील अनेक चर्च १० ऑगस्ट हा निषेधाचा दिवस पाळतात. अशा विषयावर बोलताना बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाचा आधार घेतला जातो : मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम म्हणून राबणाऱ्यांचा आक्रोश देव ऐकतो आणि खाली उतरतो. दुष्काळाच्या उपदेशात ज्या न्यायी देवाची भीती घातली जाते, त्याच्याचकडे इथे दाद मागितली जाते.