‘इन्फ्लेमेबल’ आणि ‘फ्लेमेबल’: पार्श्वभूमी

दोन्ही शब्दांचा अर्थ एकच: सहज पेट घेणारा. घोळ होतो तो ‘इन’मुळे. ‘इनव्हिजिबल’मधला ‘इन’ नकाराचा, हा मात्र लॅटिन ‘इन्फ्लामारे’ म्हणजे ‘पेटवणे’ या क्रियापदाचाच भाग. इंग्रजीत ‘इन्फ्लेमेबल’ सतराव्या शतकापासून आहे. ‘फ्लेमेबल’ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिसतो, पण पुढची शंभर वर्षे त्याला कुणी फारसे विचारले नाही.

विसाव्या शतकात लेबल लावलेली पिंपे सर्वत्र फिरू लागली आणि ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे ‘न पेटणारे’ असे कुणी वाचले तर काय, ही धास्ती वाटू लागली. १९२० च्या दशकापासून अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा क्षेत्राने ‘फ्लेमेबल’चा आग्रह धरला, ब्रिटिश मानकांनी १९५९ मध्ये तीच शिफारस केली. जुना शब्द व्युत्पत्तीने बिनचूक आहे, हा भाषाप्रेमींचा आक्षेप बरोबर होता. पण इशारा ज्याच्यासाठी लिहायचा त्याला लॅटिन येत नसते, म्हणून बदल योग्यच होता. उलट अर्थासाठी ‘नॉनफ्लेमेबल’ ठरला. फ्रेंचमध्ये मात्र आजही ‘इन्फ्लामाब्ल’ म्हणजे पेटणारेच, त्यामुळे द्विभाषिक लेबलवर दोन्ही रूपे शेजारी दिसतात.

शब्दाचा प्रश्न सुटला तरी ‘कम्बस्टिबल’ म्हणजे ‘जळू शकणारा’ या शेजारच्या शब्दाचा गुंता उरला. द्रव स्वतः पेटत नाही, त्याची वाफ हवेत मिसळून पेटते. ठिणगीने ती क्षणभर पेटेल इतकी वाफ ज्या किमान तापमानाला तयार होते तो फ्लॅश पॉइंट. जुन्या अमेरिकी वर्गीकरणात ३७.८ अंश सेल्सिअसच्या खाली ‘फ्लेमेबल’, त्यावर ‘कम्बस्टिबल’. संयुक्त राष्ट्रांच्या रासायनिक लेबलपद्धतीत ‘फ्लेमेबल’ची सीमा ६० अंशांपर्यंत जाते आणि त्यापुढे ९३ पर्यंतचा द्रव ‘कम्बस्टिबल’. म्हणजे ५५ अंश फ्लॅश पॉइंटचा एकच द्रव एका नियमात ‘कम्बस्टिबल’, दुसऱ्यात ‘फ्लेमेबल’. त्यातच फ्लॅश पॉइंट मोजताना द्रव उघड्या कपात तापवला तर वाफ निसटते, आकडा बंद कपापेक्षा जास्त येतो आणि द्रव आहे त्यापेक्षा सुरक्षित भासतो.

मराठीत ‘फ्लेमेबल’ आणि ‘कम्बस्टिबल’ दोन्हींना सरसकट ‘ज्वलनशील’ म्हणतात. भाषांतर करताना शेजारी फ्लॅश पॉइंट आणि चाचणीची पद्धत लिहिली नाही, तर मूळ लेबलने केलेला फरक पुसला जातो.