नट बदलला की प्रेक्षक तुटतो?

'मुख्य नट बदलला की प्रेक्षक पाठ फिरवतात आणि चित्रपटमालिका संपते,' असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलंय. दाखला बहुतेकदा जेम्स बाँडचा: १९६९ साली नवा नट आला आणि कमाई घसरली.

घसरली, हे खरं. पण उतार आधीच लागला होता. १९६७ च्या बाँडपटाचा गल्ला १९६५ च्या चित्रपटापेक्षा कमी होता, आणि दोन्हींत नट एकच, तोही लोकांचा लाडका.

पुढचा काळ जास्त बोलका आहे. १९७९ ते १९८५ या चार बाँडपटांत नायक तोच राहिला, तरी जगभरची कमाई दर चित्रपटागणिक उतरत गेली. १९८७ मध्ये नट बदलला आणि ती वाढली. १९९५ आणि २००६ मध्येही तेच. (१९८९ नंतर सहा वर्षं खंड पडला, त्यामागे प्रामुख्याने हक्कांचे कोर्टकज्जे होते.) कंटाळा चेहऱ्यापेक्षा त्याच त्या साच्याचा येतो, असं मला वाटतं, २००६ मध्ये तर गोष्टच पहिल्यापासून मांडली होती.

पडताळायचं असेल तर कुठल्याही मालिकेची कमाई सालवार लिहून काढा. महागाईचा हिशेब धरा, आणि नट बदलण्याआधीचे दोन-तीन चित्रपट त्यात जरूर घ्या.