पॅलिएटिव्ह केअरमधल्या कामासाठी पद्म नामांकन: पात्रता, कागदपत्रं आणि ८०० शब्दांचं टिपण

२०१८ च्या पद्मश्री यादीत वैद्यक विभागात गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग होते, ते आपल्याकडे सगळ्यांना आठवतं. त्याच यादीत, त्याच विभागात केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल होते. मूळचे भूलतज्ज्ञ. १९९३ साली कोळिकोडला वेदनाशमनाचं केंद्र उभं करणाऱ्यांपैकी एक, पुढे तिरुवनंतपुरमच्या पॅलियम इंडियाचे संस्थापक. त्यांच्या नावावर एकही गाजलेली शस्त्रक्रिया नाही. पूर्ण बरा होणार नाही अशा रुग्णाचं दुखणं, धाप, मळमळ, भीती कमी करणं आणि त्याच्या घरच्यांना आधार देणं, हेच त्यांचं काम. यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात.

आपल्याकडेही असं काम नवीन नाही. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे आणि पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७ पासून. पण गावपातळीवर घरोघर जाणारे डॉक्टर, परिचारिका आणि स्वयंसेवक यांचं नाव सहसा कुणी पुढे करत नाही. यासाठी कुणा आमदार-खासदाराची शिफारस लागते, असा समज अजून घट्ट आहे. ती लागत नाही. नामांकन कोणताही नागरिक करू शकतो. स्वतःचंही करता येतं, मात्र माझ्या मते ते दुसऱ्याने केलेलं बरं. स्वतःबद्दल लिहिताना माणूस एकतर संकोचतो, नाहीतर वाहवतो.

कोण पात्र, कोण नाही

पद्म पुरस्कार व्यक्तीला मिळतो, संस्थेला नाही. वय, शिक्षण, पद, लिंग यांची अट नाही. मरणोत्तर पुरस्कार अगदी अपवादात्मक बाबतीतच दिला जातो. म्हणून ज्येष्ठ व्यक्तीचं नामांकन 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून मागे ठेवू नये.

या क्षेत्राला जाचणारी अट दुसरीच आहे. सरकारी नोकर आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी पात्र नसतात, अपवाद फक्त डॉक्टर आणि शास्त्रज्ञांचा. म्हणजे जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह कक्ष चालवणारे डॉक्टर चालतील, पण त्याच कक्षात रुग्णाची जखम रोज धुणारी, मॉर्फिनचा हिशेब ठेवणारी, रात्री नातेवाइकांचे फोन घेणारी सरकारी परिचारिका सेवेत असेपर्यंत चालणार नाही. हे मला पटत नाही, पण नियम तसा आहे. तिच्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार आहे. तो सरकारी आणि स्वयंसेवी अशा दोन्ही ठिकाणच्या परिचारिकांना मिळतो. त्याची प्रक्रिया वेगळी असते, तिची चौकशी आपल्या आस्थापनेत करावी.

डॉक्टर असतील तर 'वैद्यक' विभाग निवडावा. वैद्यकीय पदवी नसलेल्या स्वयंसेवकासाठी 'सामाजिक कार्य' हा विभाग जास्त योग्य ठरतो.

अर्ज कुठे आणि कधी

नामांकन फक्त ऑनलाइन स्वीकारलं जातं, केंद्राच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर: अवॉर्ड्स डॉट जीओव्ही डॉट इन. शुल्क नाही. 'फाइल पुढे सरकवून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावं.

तारखांकडे नीट लक्ष द्या, कारण त्या बदलल्या आहेत. २०२५ च्या पुरस्कारांसाठी १ मे ते १५ सप्टेंबर २०२४ अशी मुदत होती. २०२६ साठी ती १५ मार्च ते ३१ जुलै २०२५ झाली आणि नंतर १५ ऑगस्टपर्यंत वाढवली गेली. गणपतीनंतर निवांत बसून लिहू, असं म्हणणाऱ्यांची त्या वर्षी संधी हुकली. जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत राज्य सरकारही नावं मागवतं, पण ती मुदत वेगळी असते. दोन्हींची गल्लत करू नका.

हाताशी काय ठेवायचं

यादी छोटी आहे. नामांकन करणाऱ्याचा मोबाइल (ओटीपी त्यावरच येतो) आणि ओळखपत्र. ज्यांचं नाव द्यायचं त्यांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, संपर्क आणि फोटो. आधी एखादा पद्म पुरस्कार मिळाला असेल तर त्याचं वर्ष, कारण वरच्या श्रेणीचा पुरस्कार साधारणपणे पाच वर्षांनंतरच दिला जातो. सत्काराच्या शाली, मानपत्रं आणि वर्तमानपत्रांच्या कात्रणांचा गठ्ठा गोळा करत बसू नका. सगळं वजन त्या व्यक्तीच्या कामाबद्दल अर्जात लिहायच्या टिपणावर असतं, आणि त्याला कमाल ८०० शब्दांची मर्यादा आहे.

टिपण कसं लिहायचं

बहुतेक नामांकनं इथेच फसतात. शल्यचिकित्सकाबद्दल लिहिताना शस्त्रक्रियांचा आकडा तयार असतो. पॅलिएटिव्ह केअरमध्ये रुग्ण बहुधा जातो, मग मोजायचं काय? नेमका इथे लिहिणारा 'सेवाव्रती', 'देवदूत', 'चंदनाप्रमाणे झिजले' यांकडे वळतो. असं टिपण शंभर जणांना लागू पडतं, म्हणून ते कुणाचंच राहत नाही.

पद्म पुरस्कारांच्या निकषांत नुसती दीर्घ सेवा पुरत नाही. कामगिरी असामान्य हवी आणि तिच्यात लोकसेवेचा अंश हवा. म्हणून ही व्यक्ती येण्याआधी त्या भागात काय नव्हतं आणि आता काय आहे, ते लिहा. मॉर्फिनचंच घ्या. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवरचं हे साधं औषध, पण अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यामुळे रुग्णालयांना ते ठेवण्यासाठी परवान्यांची माळ लागायची. २०१४ च्या दुरुस्तीनंतर 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' अशी एक मान्यता पुरेशी झाली. त्या दुरुस्तीसाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्यांत राजगोपाल होते. तुमच्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णालयाला ही मान्यता मिळवून दिली असेल, तर ते वर्ष लिहा. त्याआधी रुग्णाला गोळीसाठी कोणत्या शहरात जावं लागायचं, तेही लिहा. 'वेदनामुक्तीसाठी अहोरात्र झटले' यापेक्षा या दोन वाक्यांतून जास्त कळतं.

मग जे मोजता येतं ते मोजा: गृहभेटी, प्रशिक्षण दिलेल्या आशा सेविका आणि स्वयंसेवक, किती तालुक्यांत काम पोचलं, किती वर्षं. आकडे संस्थेच्या नोंदवहीतून घ्या, अंदाजपंचे नको, कारण नावांची शासकीय यंत्रणांकडून पडताळणी होते. नेतृत्व दाखवायचं तर ती व्यक्ती रजेवर असताना काम कोण चालवतं, ते सांगा. केरळचं २००८ चं पॅलिएटिव्ह धोरण स्थानिक स्वराज्य संस्थांना या कामात घेऊन आलं, आणि एका डॉक्टरवर अवलंबून नसलेली व्यवस्था तिथे दिसते. तुमच्या गावात ग्रामपंचायत किंवा महिला बचत गट असा जोडला गेला असेल, तर त्याला एक पूर्ण परिच्छेद द्या.

रुग्णाचं नाव, गाव किंवा अंथरुणावरचा फोटो मात्र कुठेही नको, नातेवाईक 'घाला की' म्हणाले तरी.

पोर्टल इंग्रजी आणि हिंदीत आहे. टिपण आधी मराठीत लिहून त्या क्षेत्रातल्या कुणाला तरी वाचायला द्या आणि मग या दोनपैकी एका भाषेत उतरवा. मसुदा जतन करून ठेवता येतो. अंतिम सादरीकरणाचं बटण दाबण्याआधी जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी पुन्हा ताडून बघा.

पुढे काय होतं

पंतप्रधान दरवर्षी पद्म पुरस्कार समिती नेमतात, अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव असतात. समितीच्या शिफारशी पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे जातात आणि नावं प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी जाहीर होतात. मरणोत्तर पुरस्कार, परदेशी आणि अनिवासी व्यक्ती सोडून वर्षाला जास्तीत जास्त १२० पुरस्कार देता येतात. निवड झाली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा नामांकन करता येतं, तेव्हा मधल्या काळातलं काम टिपणात घाला.

निवड झालीच, तर राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक मिळतं. रोख रक्कम, रेल्वे सवलत असं काही मिळत नाही. हा किताब नसल्यामुळे नावाच्या आधी किंवा मागे 'पद्मश्री' लावता येत नाही. लेटरहेडवर नाही, निमंत्रण पत्रिकेवर नाही, आणि चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावणाऱ्या उत्साही मंडळींनाही हे आधीच सांगून ठेवा.