अंगण-परसाची अवकाळीपूर्व तयारी (मराठवाडा)

नोव्हेंबर ते एप्रिल या महिन्यांत येणारा अवकाळी पाऊस, वावधान (वादळी वारे) आणि गारपीट यांपासून घराचे अंगण, परस, गोठा आणि शेतातला आखाडा (शेतावरची राहण्याची व जनावरे बांधण्याची जागा) सांभाळण्यासाठी आधी करून ठेवायची कामे. ती कार्तिक-मार्गशीर्षातच उरकलेली बरी. आभाळ दुपारी भरून येते आणि गारा पडायला लागेपर्यंत अर्धा तासही हाती राहत नाही. त्या वेळात वाळवण गोळा होते, बाकी काही होत नाही.

या दिवसांत उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणाऱ्या कमी दाबाच्या हवेच्या प्रणाली) सरकत असतात. त्याच सुमारास बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन वारे आले की मध्य भारतात ढग उंच चढतात आणि मराठवाडाही त्यांच्या टप्प्यात येतो. ढगातल्या वर चढणाऱ्या हवेने पाण्याचे थेंब गोठणाऱ्या थरात उचलले जातात, त्यांवर बर्फाचे थर चढतात आणि वजन पेलेनासे झाले की गारा खाली येतात. 2014 मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत झालेली गारपीट मराठवाड्यात अजून कोणी विसरलेले नाही. ज्वारी, हरभरा, मोसंबी, आंब्याचा मोहोर, सगळेच गेले. फेब्रुवारी 2018 मध्ये जालना, बीड या जिल्ह्यांना पुन्हा फटका बसला.

घराभोवतीची इजा मात्र गारांपेक्षा वाऱ्याने जास्त होते. पहिले नाव पत्र्यांचे. पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवायची रीत गावोगाव आहे, आणि ती घातक आहे. वारे पत्र्याखाली शिरले की पत्रा उचलला जातो आणि दगड घरंगळून खाली झोपलेल्या माणसावर किंवा बांधलेल्या वासरावर पडतो. दगड काढून टाकावेत. पत्रे हुक-बोल्टने लाकडी वाशाला किंवा लोखंडी अँगलला आवळावेत आणि कडेच्या ओळीत बोल्ट जवळजवळ घ्यावेत, कारण वारे कडेनेच शिरते. गच्चीवरची प्लास्टिकची टाकी रिकामी ठेवू नये. रिकामी टाकी वाऱ्याने लोळत जाते, भरलेली जागची हलत नाही.

परसातल्या शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते. उंच वाढलेल्या फांद्या आधीच छाटाव्यात, नाहीतर वाऱ्यात मोडताना खोडाची सालही सोलून नेतात. केळीला आणि फळांनी लगडलेल्या पपईला बांबूचा टेकू द्यावा. बांधताना सुतळीचा इंग्रजी 8 च्या आकाराचा वेढा घ्यावा, म्हणजे खोड बांबूवर घासत नाही. रोपांवर शेडनेट लावायची तर तिरपी ताणावी. सपाट नेटवर गारा साचतात आणि सगळा मांडवच वजनाने बसतो.

कुंपणाबाबत जुन्या लोकांचा अनुभव खरा आहे. पऱ्हाट्या-तुराट्यांचे (कापसाच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्यांचे) विरळ कुंपण वाऱ्याचा जोर गाळून पलीकडे सोडते. भरीव भिंतीवरून उसळलेले वारे पलीकडे भोवरे घेत खाली उतरते आणि भिंतीआडची रोपेच लोळवते.

माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांत हिवाळ्याच्या उन्हाने वरची पांढरी माती तडकलेली असते. भेगा लिंपाव्यात, पन्हाळांतला पाला काढावा. माळवदावर पापड, कुरडया, मिरच्या वाळत घातल्या असतील तर त्या बाजेवर किंवा ताडपत्रीवर असाव्यात, म्हणजे दोघींनी चार कोपरे धरले की एका खेपेत खाली येतात.

सर्वांत जास्त लक्ष कडब्याकडे द्यायला हवे. रब्बी ज्वारीची काढणी आणि गारपिटीचा काळ एकच, आणि भिजलेला कडबा काळा पडला की जनावर त्याला तोंड लावत नाही. वर्षभराची वैरण एका दुपारी हातची जाते. कडब्याची गंज (पेंढ्यांची रास) उंचवट्यावर लावावी. खाली दगड मांडून त्यावर तुराट्यांचा थर द्यावा. पेंढ्यांचे बुडखे बाहेर आणि शेंडे आत ठेवत, माथ्याकडे निमुळते होत जावे. माथा घराच्या आढ्यासारखा उतरता शाकारला की पाणी आत मुरत नाही. वरून ताडपत्री टाकली तरी ती नुसती दगडांनी दाबू नये. दोर गंजीवरून आडवे घेऊन दोन्हीकडे मेखांना बांधावेत.

विजेसाठी वेगळी काळजी लागते. आखाड्यावर बैल, म्हशी कडुलिंबाखाली किंवा चिंचेखाली बांधायची सवय असते, आणि झाडावर पडलेली वीज खालच्या जनावरांना मारते. गडगडाट ऐकू येताच दावी सोडून त्यांना गोठ्यात आणावे, झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणाजवळ माणसानेही थांबू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपासच्या विजांची सूचना देते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी येतो. कडबा केव्हा गंजीला लावायचा हे त्यावरून ठरवता येते.

गारा पडून गेल्यावर मोसंबी, आंबा, लिंबू यांच्या सालीवर जखमा उरतात आणि त्यांतून बुरशी शिरते. मोडक्या फांद्या करवतीने सपाट कापून त्यावर बोर्डो पेस्ट लावतात. 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून एकूण 10 लिटर पाण्यात मिसळतात. मिश्रणात विळ्याचे पाते बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर धरला तर चुना अजून घालावा, नाहीतर ते सालीला भाजते.