स्ट्रीमसेट्स की वेबमेथड्स? आधी ‘पुन्हा चालवलं तर काय?’ ते विचारा

डिसेंबर २०२३ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअर एजीकडून स्ट्रीमसेट्स आणि वेबमेथड्स २.१३ अब्ज युरोंना घ्यायचं जाहीर केलं, जुलै २०२४ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. तेव्हापासून ‘आयबीएमने दोन इंटिग्रेशन टूल्स (वेगवेगळ्या सिस्टीम एकमेकींना जोडणारी सॉफ्टवेअरं) घेतली’ हे एकच पालुपद चालू आहे. रिझ्युमेतही दोन्ही नावं मध्ये स्वल्पविराम देऊन शेजारी शेजारी. एक येतं म्हणजे दुसरं आलंच, अशा थाटात.

ईटीएल, म्हणजे डेटा एकीकडून काढून, बदलून दुसरीकडे भरण्याचं काम, केलेल्यांना स्ट्रीमसेट्स समजावत बसत नाही. इकडून डेटा उचला, वाटेत साफ करा, मोबाईल नंबर झाका, स्नोफ्लेकमध्ये (रिपोर्टसाठी डेटा साठवणारं क्लाउडवरचं कोठार) नेऊन ओता. स्रोताकडे कुणी न सांगता कॉलम वाढवला तरी पाइपलाइन आडवी होऊ नये, यावर स्ट्रीमसेट्सचा विशेष भर. वेबमेथड्स १९९६ सालची, चालू व्यवहारात एका ॲप्लिकेशनचा निरोप दुसऱ्याला देऊन उत्तर आणणारी.

फरक विचारला की ठरलेलं उत्तर येतं: ‘एक बॅच, दुसरं रिअल-टाइम.’ म्हणजे स्ट्रीमसेट्स साठवून एकगठ्ठा काम करतं, वेबमेथड्स तिथल्या तिथे. इथे माझं डोकं फिरतं. काफ्कातला (सतत येणारे संदेश वाहून नेणारी सिस्टीम) डेटा स्ट्रीमसेट्स चोवीस तास वाहून नेऊ शकतं, आणि वेबमेथड्समध्ये रात्री दोनला फाइल उचलणाऱ्या सर्व्हिसही सर्रास लिहिल्या जातात. वेगावरून काहीच ठरत नाही.

विचारायचं ते हे: मध्येच अडकलं आणि पुन्हा चालवलं, तर काय होईल?

समजा, वेबसाइटवर ऑर्डर आली. वेबमेथड्सने ती सॅपला (कंपनीच्या ऑर्डरी, माल, बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर) दिली. सॅपमध्ये ऑर्डर तयारही झाली, पण उत्तर परत येण्याआधी टाइमआउट झाला. वेबमेथड्सच्या लेखी काम फसलं. सपोर्टवाल्याने सरळ रिट्राय मारला, तर सॅपमध्ये दुसरी ऑर्डर, गोदामातून दुसरा माल आणि ग्राहकाच्या नावावर दोन बिलं. म्हणून ऑर्डरला स्वतःचा क्रमांक हवा, तो आधी येऊन गेलाय का हे तपासायला हवं, आणि अर्धवट झालेलं उलटवायचं कसं हे आधीच ठरलेलं हवं. ॲप्लिकेशन इंटिग्रेशनमधली निम्मी अक्कल इथेच खर्च होते.

त्याच ऑर्डरी रिपोर्टसाठी स्नोफ्लेकमध्ये नेणारी पाइपलाइन पडली, तर? त्या दिवसाचा भाग पुसा, पुन्हा भरा. पाइपलाइन नीट बांधली असेल तर आकडे तेच येतात. फार तर सकाळचा रिपोर्ट उशिरा दिसेल आणि मॅनेजर कुरकुरेल. इथे प्रती हलतात, तिथे प्रत्यक्ष व्यवहार घडतो.

त्यामुळे वेबमेथड्समधून लाखो ओळी मेमरीत घेऊन टेबलं भरणारे, आणि ईटीएलच्या शेवटच्या पायरीला पेमेंटचा एपीआय चिकटवणारे, दोघेही मला सारखेच नकोसे. दुसरा जरा जास्तच. यूआय, कनेक्टर, क्लाउड की स्वतःचा सर्व्हर, ही चर्चा नंतर करा, त्याने फारसं बिघडत नाही.

सेल्सफोर्सनेही या दोन कामांसाठी वेगवेगळे पैसे मोजले: २०१८ मध्ये ॲप्लिकेशनं जोडणाऱ्या म्यूलसॉफ्टला सुमारे साडेसहा अब्ज डॉलर, २०२५ मध्ये डेटा हलवणाऱ्या इन्फर्मॅटिकाला सुमारे आठ अब्ज. आयबीएमकडे तर २००५ मध्ये असेन्शियल कंपनीबरोबर आलेलं डेटास्टेज हे ईटीएल टूल आधीपासून होतं, आणि ॲप्लिकेशनं जोडणारं ॲप कनेक्टही. तेव्हा तुलना करायचीच तर स्ट्रीमसेट्सची डेटास्टेजशी करा, वेबमेथड्सची ॲप कनेक्टशी.